आजोबांचा अख्खा ग्लास

या मे महिन्यातही तुमचा फोटो आला. उंच काचेचा ग्लास, त्यात तांबूस चहा, बर्फाचे खडे, काठाला लिंबाची चकती आणि मागे तुम्ही दोघं भावंडं. खाली मोठीने लिहिलं होतं, 'आजोबांचा ग्लास, वर्ष तिसरं.' मी नेहमीप्रमाणे दोन फुलं आणि जोडलेले हात पाठवले. मग फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासलेलीच होती.

या डिसेंबरात, आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, तुम्ही लातूरला येणार आहात. मोठीने आत्ताच सांगून ठेवलं आहे की पहिल्याच दिवशी आपण तिघांनी मिळून, आजोबांनी प्यायला तसाच अख्खा ग्लास प्यायचा. त्याआधी तुम्हाला हे कळायला हवं: आजोबांनी तो ग्लास प्यायला नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

समोर बसून हे सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते. एक तर ते खोटं मी इंग्रजीत बोलले होते. दुसरं, इंग्रजीत माझी वाक्यं जरा जास्तच इस्त्री केलेली येतात. धाकट्याला अडलं तर तुमचा बाबा वाचून दाखवेल.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल, कारण चूक तिथूनच आली.

मी नांदेडची. आमचं घर गोदावरीपासून चार गल्ल्यांवर. घरी पाहुणा आला की तांब्या भरून पाणी पुढे यायचं, आणि पाहुण्याने दोन घोट पिऊन उरलेलं अंगणात टाकलं तरी कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही. लग्न होऊन लातूरला आले आणि पहिल्याच आठवड्यात मेथीची जुडी वाहत्या नळाखाली धरून धुतली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या मुरुडच्या, बोलायला रोखठोक.

"सूनबाई, नांदेड हाय का हे? का बापानं गोदावरी आंदण दिलीया?"

त्या दिवशी मी नळ बंद केला तो कायमचाच म्हणायचा. नळाला पाणी कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या दिवशी. दोन पिंप, सहा कळशा, आणि देवघराखाली एक तांब्याचा हंडा. तो हंडा राखीव. काहीही झालं तरी नवं पाणी आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. नवं पाणी आलं की त्यातलं शिळं झाडांना ओतायचं आणि हंडा परत भरून ठेवायचा. रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यातसुद्धा आमचा हंडा भरलेला होता, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या हंड्यातलं पाणी आमच्या घरात कधी कुणी प्यायलंच नाही. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नाही.

तुमचे आजोबा माझ्या अगदी उलट. शाळेत ड्रॉइंगचे सर. त्यांच्या शर्टावर कायम कुठला तरी रंग, खिशात खडूचा चुरा. दिवसाला आठ-दहा चहा, त्यातले निम्मे बसस्टँडसमोरच्या हॉटेलात उभ्याने. मला ते 'मॅडम' म्हणत. लोकांसमोर आदराने आणि घरात चिडवायला. "मॅडम, एक हाफ च्या भेटंल का?" असं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारायचे, जसं काही मी हॉटेलच चालवते.

रक्तदाबाने त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तुम्ही लहान होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, दिवसाला पाऊण लिटर. त्यात पाणी, चहा, वरण, ताक, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. आजोबा डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, लातुरात हाय मी. पाणी कमी प्यायची सवय हाय." डॉक्टर हसले. मी हसले नाही. घरी येताना मी मनात पद्धत ठरवून टाकली होती.

सरबताची पाऊण लिटरची काचेची बाटली मी सकाळी काठोकाठ भरायची. त्यांनी कपभर चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून माठात घालायचं. वाटीभर वरण खाल्लं की वाटीभर काढायचं. बाटलीत उरलं असेल ते त्यांचं. वहीत लिहिण्यापेक्षा हे बरं, डोळ्यांना दिसतं. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी इनॅमलचे रंग काढले आणि बाटलीवर खुणा रंगवल्या. वर उगवता सूर्य. त्याखाली मिशा असलेला दुपारचा सूर्य. मग घराकडे निघालेल्या तीन कोंबड्या. त्याखाली दिवा, आणि अगदी तळाशी एक छोटा निळा मासा. "माशापर्यंत पाणी ठेवत जा," म्हणाले, "बिचारा तडफडंल."

सुरुवातीला मी थोडी ढील द्यायची. मग मुरुडला पुतण्याचा साखरपुडा झाला. माझी परीक्षेची ड्युटी होती, म्हणून ते एकटेच गेले. तिथे दोन ग्लास उसाचा रस, तीन वाट्या मठ्ठा, आणि आग्रहाला नाही म्हणायची सवय नाही. संध्याकाळी फुफ्फुसात पाणी भरलं. गाडीत बसवून आणलं तेव्हा ते आडवे होऊ शकत नव्हते. बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते, ओठ जांभळे पडले होते. तशातही मला बघून म्हणाले, "गाव पाण्याविना मरायलंय, अन् मी बुडून."

त्या दिवसानंतर मी बायको कमी आणि परीक्षेची सुपरवायझर जास्त झाले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही आणि माफी म्हणूनही नाही. ते दृश्य मला परत बघायचं नव्हतं, एवढंच. आजोबांनी त्याचीही थट्टा केली. जास्तीचा घोट हवा असला की हात वर करायचे.

"मॅडम, पुरवणी मिळंल का?"

"वेळ संपली. पेपर खाली ठेवा."

"अजून एकच प्रश्न राहिलाय, मॅडम."

"आधी अभ्यास करायचा होता."

हा आमचा रोजचा खेळ. दोन वर्षं चालला.

त्याच काळात एका रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला. मोठी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. हातात उंच ग्लास घेऊन फिरत होती आणि बोलता बोलता तो हलवत होती. आतला बर्फ काचेवर वाजत होता. आजोबांनी मोबाइल कानाजवळ नेला.

"काय पियालीस गं?"

"आइस टी, आजोबा. चहाच आहे, पण गार."

"गार च्या? आमच्याकडं गार झालेला च्या कढीपत्त्याला घालतेत."

"आजोबा! मी घरी केलाय. आजी, तूपण कर ना. ईझी आहे."

आजोबा म्हणाले, "ग्लास हलीव बरं अजून एकदा." मोठे, तुला आठवतं का? तू कितीतरी वेळ हलवत राहिलीस आणि धाकटा मागून ओरडत होता, "सांडलं, सांडलं!" कॉल संपल्यावर ते म्हणाले, "लई दिवसांनी भरल्या ग्लासाचा आवाज ऐकला."

दुसऱ्या दिवशी मी करायला घेतला. पहिला बिघडला. आपल्याकडे चहा म्हणजे उकळायचा, तसा मी तो खळखळून उकळला. तो कडू झाला, शिवाय बोअरच्या जड पाण्यामुळे गार झाल्यावर वर तेलकट साय धरली. आजोबांनी बघूनच सांगितलं, "हे औषध हाय. कोण आजारी हाय?" मग मोठीने लिहून पाठवलेली कृती मी डायरीत उतरवून घेतली. पाणी जारचं. उकळी आली की गॅस बंद. मगच पत्ती टाकायची, दोन चमचे, आणि वर झाकण. घड्याळ लावून चार मिनिटं, त्यापुढे एक क्षण नाही. गाळायचा, गरम असतानाच साखर विरघळवायची, तसाच ओट्यावर निवू द्यायचा, घाईने फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. शेवटी अर्धं लिंबू.

लिंबू पिळलं तेव्हा आजोबा शेजारी उभे होते. चहाचा गडद रंग बघता बघता उजळला, मधासारखा झाला. त्यांनी माझा हात धरला. "थांब थांब. अजून दोन थेंब. सावकाश टाक." पातेलं खिडकीपाशी नेलं आणि उन्हात धरून बघत राहिले. चित्रकलेच्या परीक्षेत पोरांना हा रंग कसा साधत नाही, सगळी मेली चिखल करतात, असं बराच वेळ सांगत होते.

पण ग्लासभर द्यायचा कसा? ग्लास म्हणजे दोनशेच्या वर. दिवसाच्या पाण्यातला चौथा हिस्सा एका दमात. म्हणून मी तो चहा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतला. चौदा खणांचा ट्रे. एक तुकडा औषधाच्या टोपणात वितळवून मोजला, पंधरा मिली भरला. दुपारी एक, संध्याकाळी एक. तुकडा गालात धरला की वीस मिनिटं पुरायचा, तहान मरायची आणि पाणी पोटात जायचं ते जेमतेम तीन चमचे. डॉक्टरांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी दुसऱ्या पेशंटांनाही सांगितली. मला फार बरं वाटलं होतं. सर्टिफिकेट मिळाल्यासारखं.

आजोबांनी मात्र वेगळाच हिशेब केला. "चौदा पंधरं दोनशे दहा. म्हंजे आख्खा ट्रे म्हंजे एक ग्लास. मॅडम, सात दिवस मला एकच ग्लास चाटायला लावायलात तुम्ही."

"मग?"

"मग काय न्हाई. एकदा एका दमात दे. बर्फ वाजला पाहिजे. पोरीचा वाजला तसा."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एखाद्या दिवशी द्या, बाटलीतलं तेवढं पाणी कमी करा म्हणजे झालं. परवानगी होती, हे तुम्ही नीट वाचा. मी ती हातात धरून घरी आले आणि जाहीर केलं, "मे महिन्यात मुलं येणार आहेत. त्या दिवशी अख्खा ग्लास. तिघं मिळून प्या."

आजोबा खूश झाले. त्यांनी बाजारातून उंच ग्लास आणले, तीन. मला विचारलं नाही, कारण मला गार चहा आवडत नाही हे त्यांना माहीत होतं.

एप्रिलात तुमचं येणं लांबलं. बाबाच्या व्हिसाच्या कागदपत्रांचं काहीतरी अडलं होतं, मग मोठीच्या परीक्षा, मग तिकिटं. डिसेंबर ठरला. आता इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोलायचं आहे. तुमच्या न येण्यात कसलाही दोष नव्हता. तो ग्लास तुमच्या येण्याला मी बांधला होता. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हता, डॉक्टरही म्हणाले नव्हते. तुम्ही येत नाही हे कळलं त्या संध्याकाळी गाठ सोडून त्यांना ग्लास देता आला असता. माझ्या ते मनातसुद्धा आलं नाही. राखीव ठेवलेली वस्तू वेळ पुढे गेली तर आणखी जपून ठेवायची, हेच मी या घरात शिकले होते. आजोबा म्हणाले, "डिसेंबरात थंडीत कोण पितं गार च्या?" मी म्हटलं, "बघू तेव्हा."

तो मे महिन्यातला मंगळवार. दुपारचे चार वाजले असतील. कूलर चालू होता, पण त्यातही पाणी बेताचंच घातलं होतं. आजोबा खाटेवर बसून बाटलीकडे बघत होते. सकाळपासून त्यांनी फार काही घेतलं नव्हतं. पाणी कोंबड्यांच्या थोडं वर होतं, म्हणजे तीनशेच्या आसपास.

त्यांनी हात वर केला. "मॅडम, पुरवणी."

"तुकडा देते."

"तुकडा नको. आज ग्लास दे."

"मुलं आल्यावर. ठरलंय ना आपलं?"

"जास्तीचं मागायलो का मी? ह्यातलंच दे. दोनशे दहा ग्लासात घाल. राती जेवताना वरण बी नको मला. भाकरी कोरडी खातो."

हिशेब बरोबर होता. चित्रकलेच्या सरांचा हिशेब कधी नव्हे तो बरोबर होता, आणि मी इंग्रजीची मॅडम चुका शोधत होते. मी म्हटलं, रात्रीच्या गोळ्यांना पाणी लागेल. ते म्हणाले, तेवढं उरतंय की. मी म्हटलं, उद्या बुधवार, वजन वाढलेलं दिसेल. ते म्हणाले, उगं का वाढंल? मग माझ्याकडे कारण उरलं नाही. मी म्हटलं, "आता थोडक्यासाठी मोडू नका. डिसेंबर काही लांब नाही."

त्यांनी हात खाली घेतला. दरवेळी ते 'अजून एकच प्रश्न' म्हणायचे, तसं म्हणाले नाहीत. मी बशीत एक तुकडा आणून समोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. मी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून बघितलं. तुकड्याचे कोपरे गेले, मग तो गोल झाला, मग बशीत नुसता मधाच्या रंगाचा ओघळ उरला.

"घेतला नाहीत?" मी विचारलं.

"राहू दे," म्हणाले. रागाने नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्री दोन घोटांत गोळ्या घेतल्या आणि झोपले. बुधवारी सकाळी सातची पाळी असायची, म्हणून मी घाईत होते. बाटली भरायची राहिली. आल्यावर भरू म्हटलं. डायलिसिस सुरू होऊन दीड तास झाला होता, मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसले होते, तेव्हा आतून नर्स पळत आली. हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले. त्या चहाने काही वाचलं नसतं आणि काही बिघडलंही नसतं, हे डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. मी विचारलं होतं म्हणून सांगितलं.

घरी आणलं तेव्हा बाटली खिडकीत होती. पाणी कोंबड्यांच्या खाली, दिव्याच्या वर. मी उभ्या उभ्या मोजलं. त्या घरात, त्या गर्दीत, मी मोजलं. एक ग्लास आणि वर तीन घोट.

आपल्याकडे माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. नळ आदल्या दिवशीच येऊन गेला होता. पिंपं, कळशा, हंडा, सगळं तुडुंब. बायका दारात थबकल्या. मुरुडच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "एकेक तांब्या ओता नावाला. देवाला समजतं. लातूर हाय हे."

मी म्हटलं, "सगळं ओता."

"अगं, आठ दिवस पाणी न्हाई यायचं."

"सगळं ओता, वहिनी."

पिंपं आडवी केली. देवघराखालचा हंडा दोघींनी धरून नेला. अंगणातून पाणी वाहत रस्त्यावर गेलं आणि समोरच्या घरातली माणसं दाराशी येऊन बघू लागली. एवढं पाणी त्या अंगणात मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटी जाऊबाईंनी खिडकीतली बाटली उचलली. "ही बी ओतू का?" मी म्हटलं, "ती औषधाची आहे, राहू द्या." माझं पहिलं खोटं ते.

दहावा नांदेडला केला, गोदावरीवर. माझ्या भावाने सगळी व्यवस्था केली होती आणि बाबा तिकडून येऊन पोचला होता. पिंड ठेवले आणि सगळे बाजूला जाऊन उभे राहिले. कावळे होते. झाडावर चार, कठड्यावर दोन. पिंडाजवळ कुणी येईना. अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि मोठ्याने कबूल करायचं, मग कावळा शिवतो म्हणतात. थोरले दीर म्हणाले, "मुरुडच्या शेताची काळजी करू नको, मी हाय." कावळे हलले नाहीत. बाबा पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाबा, मुलांना घेऊन येईन. आईला एकटं पडू देणार नाही." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तुला ठावं असंल गं. काय राहिलंय त्येचं?"

मला माहीत होतं. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. वर्गात मुलींना तसं सांगतही आले. 'अहो, ग्लास देते' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर कसला ग्लास, का राहिला, कुणी दिला नाही, हे सगळ्यांना कळलं असतं. मी म्हटलं, "मला नाही आठवत काही."

तासभर वाट पाहिली. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला आणि आम्ही परत फिरलो.

भावाच्या घरी पोचलो तेव्हा तुमचा फोन आला. बाबाने तो माझ्या हातात दिला. मोठे, तू रडत होतीस, आणि रडताना तू इंग्रजीत बोलतेस.

"आजी, डिड ही गेट हिज ग्लास? द फुल वन?"

लगेच तूच पुढे म्हणालीस, की आम्ही मेमध्ये आलो असतो तर. ते वाक्य मला तुला पुरं करू द्यायचं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलीने ते आयुष्यभर बाळगायचं? मी म्हटलं, "येस. ही फिनिश्ड द होल ग्लास."

"डिड ही लाइक इट?"

"ही आस्क्ड फॉर मोअर."

दुसरं वाक्य खरं होतं. तू रडता रडता हसलीस. मला वाटलं, या खोट्याने कुणाचं काही बिघडत नाही. पुढच्या मे महिन्यात तुमचा पहिला फोटो आला. मग कळलं की तू शाळेत त्या ग्लासावर निबंध लिहिलास आणि तो वर्गात वाचून दाखवलास. आजीने किती प्रेमाने शेवटचा ग्लास करून दिला, असा. बाबाने तो मला वाचून दाखवला, आणि मी तुझं व्याकरण चांगलं आहे म्हणाले.

भावाकडे मी महिनाभर राहिले. तिथे वहिनी पाण्याचा ग्लास भरून समोर ठेवायची आणि मी त्यातलं निम्मं दुसऱ्या भांड्यात काढायची. परत लातूरला आल्यावर फ्रीज उघडला तर ट्रे तसाच होता. तेरा तुकडे, एक खण रिकामा. इतक्या वेळा वीज जाते आणि येते की आता ते तुकडे राहिलेले नाहीत, वितळून आणि गोठून सगळ्याची एकच लादी झाली आहे. तो ट्रे मी काढत नाही. बाटलीतलं पाणी मात्र आटत आटत गेलं. आता नुसता मासा आहे.

डिसेंबरात तुम्ही याल. हे वाचून मोठीला माझा राग आला तर तो तिने धरावा. इथे येऊन धरावा, फोनवर नको. ग्लास करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. करणार असाल तर सामान सांगून ठेवते: पत्ती डावीकडच्या स्टीलच्या डब्यात, लिंबं फ्रिजच्या दारात, पातेलं वरच्या फळीवर, जरा जड आहे, धाकट्याला काढू देऊ नका. आजोबांनी आणलेले उंच ग्लास कपाटात आहेत, अजून कागदात गुंडाळलेले. ते तीनच आहेत. माझ्यासाठी मी चौथा आणून ठेवते, पण तो तसाच मिळेल की नाही कोण जाणे. त्यांच्या ग्लासात चहाचे चौदा नवे तुकडे घाला आणि हलवा. मी ओसरीवर बसून ऐकेन. मोजायला आत येणार नाही.

त्यांचा ग्लास संध्याकाळपर्यंत राहू द्या. मग कढीपत्त्याला घाला.